साहसावरून परतलेली माणसं

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, जंगलपटात अडकतो. दर वेळी जिवावरचं संकट, दर वेळी शेवटच्या क्षणी सुटका. आणि पुढचं पुस्तक उघडावं तर फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश पुन्हा तसाच: तीच चपळाई, तीच सायकल, तोच 'ट्टॉक'. मागच्या वेळी बांधून घातलं होतं म्हणून त्याला आता अंधाराची भीती वाटत नाही, की माणसांवरचा त्याचा विश्वास उडालेला नसतो. आम्हाला तो तसाच हवा होता. पुस्तकांची मालिका वाचणाऱ्या मुलाचा लेखकाशी एक न बोललेला करार असतो, की मित्र पुढच्या वेळीही ओळखीचा निघेल. भागवतांनी तो करार निष्ठेने पाळला. बेल्जियन चित्रकार एर्जेचा टिनटिनही १९२९ पासून जवळजवळ अर्धं शतक जगभर हिंडला, पण त्याच्या कपाळावरची केसांची बट जागची हलली नाही. त्याच्या वाट्याचं बदलणं एर्जेने कॅप्टन हॅडॉककडे सोपवलं. दारूत बुडालेला, रडवेला हॅडॉक हळूहळू मित्रासाठी जीव द्यायला तयार होणारा माणूस होतो.

साहसकथेत नायक बदलतो, हे आपण गृहीतच धरून चालतो. वास्तविक कित्येक शतकं तो बदलत नव्हता आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. रशियन अभ्यासक मिखाईल बाख्तिन याने १९३७-३८ च्या सुमारास लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात प्राचीन ग्रीक प्रेम-साहसकथांची फार बारकाईने फोड केली आहे. हेलिओडोरस, अकिलीस टेशियस अशा लेखकांच्या या कथा. तरणाताठा नायक, तितकीच सुंदर नायिका, पहिल्या भेटीत प्रेम. मग ताटातूट, जहाज फुटणं, चाचे, गुलामगिरी, खोटे मृत्यू, खटले. अखेरीस दोघांचं मीलन. बाख्तिनचं म्हणणं असं, की पहिली भेट आणि लग्न यांच्यामध्ये इतकं सगळं घडूनही त्या दोघांच्या आयुष्यातला एक दिवससुद्धा खर्ची पडलेला नसतो. वय वाढत नाही, रूप उतरत नाही, प्रेम ना कमी होतं ना खोल जातं. मधली सगळी संकटं काढून टाकली तरी लग्न तसंच लागेल. संकटं त्यांची परीक्षा घेतात आणि ते जसे होते तसेच आहेत, एवढं सिद्ध करून निघून जातात.

या प्रकारावरचा सगळ्यात तिखट शेरा व्होल्तेरने १७५९ मध्ये 'कांदीद' लिहून मारला, हेही बाख्तिनने हेरलं होतं. कांदीदही प्रेयसीसाठी अर्धं जग पालथं घालतो. युद्ध, भूकंप, फटके, लूट यांतून तगून तो अखेर कुनेगोंदला गाठतो, तेव्हा ती म्हातारी, कुरूप आणि किरकिरी झालेली असते. तिच्या गळ्यावर सुरकुत्या पडलेल्या असतात. कांदीद दचकून मागे सरतो, मग दिलेल्या शब्दाला जागून लग्न करतो. साहसाला वेळ लागतो आणि तो वेळ माणसाच्या अंगावर वळ उठवून जातो, ही गोष्ट त्या एका सुरकुतलेल्या गळ्याने सांगून टाकली.

तेव्हा प्रश्न असा, की नायकाला बदलणारं साहस आणि त्याच्या अंगावरून नुसतं वाहून जाणारं साहस, यांत फरक कशाचा? संकट किती मोठं, यावर हे ठरत नाही. फेणेच्या वाट्याला आलेली संकटं काही लहान नव्हती. मला वाटतं, दोन जागा तपासाव्यात. एक, प्रवासात कुठे तरी नायकाला स्वतःचं, हातात आलेलं काही तरी आपण होऊन सोडावं लागलं का? आणि दुसरी जागा म्हणजे त्याचं घर. परतल्यावर त्या जुन्या उंबऱ्यातून तो पूर्वीसारखा आत जाऊ शकतो का?

या दोन्ही जागा स्वच्छ दिसाव्यात म्हणून 'द हॉबिट'सारखं दुसरं पुस्तक नाही. ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवणाऱ्या जे. आर. आर. टोल्कीनचं हे पुस्तक सप्टेंबर १९३७ मध्ये आलं. बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी, अब्रूदार हॉबिट. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, पायांवर केस असलेले, टेकडीच्या पोटात गोल दाराचं घर करून राहणारे लोक. बॅगिन्स मंडळी कधी साहसाच्या वाटेला जात नाहीत आणि अनपेक्षित असं काही करत नाहीत, म्हणूनच गावात त्यांना मान. अशा गृहस्थाला गॅन्डाल्फ हा जादूगार आणि तेरा बुटके मिळून ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला चोर म्हणून घेऊन जातात. करारात चौदावा हिस्सा कबूल केलेला, आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्चही. घाईघाईत तो टोपी, काठी, पैसे आणि हातरुमाल यांतलं काहीही न घेता पळत सुटतो, आणि थोड्याच वाटचालीत त्याला सगळ्यात जास्त आठवण येते ती रुमालाची.

इथून पुढे ट्रोल, गॉब्लिन, राक्षसी कोळी असं बरंच काही येतं आणि त्यात बिल्बो हळूहळू धीट, हुशार होत जातो. पण खरी मेख टोल्कीनने तीन शांत जागी ठेवली आहे, आणि तिन्ही वेळा बिल्बोला पाहायला सोबत्यांपैकी कुणीही नाही.

पहिली जागा डोंगराच्या पोटातल्या अंधारात. तिथे बिल्बोला एक अंगठी सापडते, जी घातली की माणूस दिसेनासा होतो. तिचा आधीचा मालक गॉलम बाहेर जाण्याची वाट अडवून बसलेला असतो. बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे, गॉलम निःशस्त्र. मारून मोकळं होणं हा सरळ मार्ग. त्या क्षणी बिल्बोच्या मनात गॉलमचं आयुष्य उभं राहतं, दगड, गारठा आणि अंधार यांनी भरलेले एकसारखे दिवस, आणि त्याला त्याची कीव येते. तो गॉलमच्या डोक्यावरून अंधारात उडी मारून निसटतो.

आता गंमत अशी, की १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हताच. तिथे गॉलम कोड्यांची पैज हरल्यावर बक्षीस म्हणून अंगठी आणायला जातो, ती सापडत नाही म्हणून बिल्बोची पुन्हा पुन्हा माफी मागतो आणि त्या बदल्यात त्याला वाट दाखवतो. दोघं सभ्यपणे निरोप घेतात. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी केवढी घातकी आहे, हे टोल्कीनच्या ध्यानात येत गेलं. अशी वस्तू कुणी राजीखुशीने बक्षीस देणार नाही. म्हणून त्याने ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवलं. प्रकाशकाने ते थेट १९५१ च्या आवृत्तीत घातलं. जुनी हकीकत मग बिल्बोनेच रचलेलं खोटं ठरली. अंगठीवर आपला हक्क शाबीत करण्यासाठी तो खोटं बोलला, आणि आयुष्यभर प्रामाणिक असलेला हॉबिट खोटं बोलला, हीच त्या अंगठीच्या प्रभावाची पहिली खूण. एका दुरुस्तीतून बिल्बोला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दया मिळाली आणि सगळ्यात मोठं लबाडीचं कृत्यही. पात्र बदलायचं तर लेखकाला कधी कधी छापून झालेल्या पुस्तकात मागे जावं लागतं.

दुसरी जागा म्हणजे ड्रॅगनच्या दालनाकडे उतरणारा बोगदा. बुटके मागेच थांबलेत. पुढे लालसर उजेड दिसतोय, घोरण्याचा घर्रघर्र आवाज येतोय. बिल्बो थबकतो आणि मग चालू लागतो. निवेदक बजावून सांगतो, की यानंतर जे काही घडलं ते या पावलापुढे काहीच नाही, खरी लढाई त्याने इथे एकट्याने लढली. ड्रॅगन समोर यायच्या आधीच पुस्तकातलं सगळ्यात मोठं शौर्य घडून गेलेलं असतं. साहसकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पान पुनःपुन्हा वाचावं.

तिसरी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. ड्रॅगन मरतो, खजिना हाती येतो आणि बुटक्यांचा राजा थोरिन लोभाने आंधळा होतो. दाराशी माणसं आणि एल्फ सैन्य घेऊन उभे, न्याय्य वाटा मागताहेत, थोरिन एक नाणंही सोडायला तयार नाही. ज्या रत्नासाठी त्याचा जीव तळमळतोय ते आर्केनस्टोन बिल्बोला सापडलेलं असतं आणि त्याने ते मुकाट्याने खिशात घातलेलं असतं. एका रात्री भिंतीवरून दोर सोडून तो शत्रूच्या छावणीत जातो आणि ते रत्न त्यांच्या हातात देतो: हे तारण ठेवा आणि तडजोड करा. आपला सगळा हिस्सा त्याने त्या एका रत्नावर लावलेला असतो. त्याहून अवघड गोष्ट पुढची. एल्फराजा त्याला तिथेच राहायचा आग्रह करतो, पण बिल्बो त्याच रात्री परत त्या बुटक्यांकडे जातो, कारण एवढ्या दिवसांच्या सोबत्यांना असं सोडून जाणं त्याला पटत नाही. सकाळी थोरिन त्याला भिंतीवरून खाली फेकायला निघतो. मग जी महालढाई होते, तिच्यात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. ज्या लढाईची वाचक वाट बघत होता तिच्यातून नायकाला असं बाजूला काढायचं धाडस टोल्कीनने केलं, कारण बिल्बोचं काम त्याआधीच झालेलं होतं.

आणि मग घर. बिल्बो परततो तो २२ जूनला, आणि दारात ही गर्दी! तो मेला असं गृहीत धरून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला आहे. चुलत भावंडं खोल्यांची मापं घेताहेत, आपलं फर्निचर त्यात बसेल का म्हणून. जिवंत माणूस समोर उभा असून तो खरंच बिल्बो आहे हे सिद्ध व्हायला बराच काळ लागतो, कज्जा तर वर्षानुवर्षं चालतो. स्वतःच्याच काही वस्तू त्याला पैसे मोजून परत घ्याव्या लागतात. चांदीचे बरेचसे चमचे तर मिळतच नाहीत. गावातली अब्रू कायमची गेली. तो कविता करतो, एल्फांकडे जातो, लोक मान हलवतात, आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही. पहिल्या पानावर या अब्रूखेरीज त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ती गेल्याचं दुःख नसणं, हे त्याच्यात झालेल्या बदलाचं माप.

सगळेच असे सुखाने परतत नाहीत. १९५४-५५ मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये चार हॉबिट ती अंगठी नष्ट करायच्या एकाच मोहिमेवर जातात आणि चार तऱ्हांनी परत येतात. मेरी आणि पिपिन उंचीने वाढून, चिलखत घालून, गावावर बसलेल्या गुंडांना हाकलून लावणारे पुढारी होऊन येतात. माळी सॅम लग्न करतो, तोडलेल्या झाडांच्या जागी नवी लावतो आणि पुढे सात वेळा गावप्रमुख म्हणून निवडून येतो. ज्याने सगळा भार वाहिला त्या फ्रोडोचं मात्र घरात मन रमत नाही. तो गावच्या त्या लढाईत तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांना मारू देत नाही, आणि दर वर्षी ६ ऑक्टोबरला, मोहिमेत झालेल्या जखमेच्या तिथीला, आजारी पडतो. शेवटी त्याला समुद्रापलीकडे निघून जावं लागतं. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं राहून तो अंगठी टाकू शकला नव्हता. ती गॉलममुळे नष्ट झाली, आणि गॉलम जिवंत होता तो बिल्बोच्या त्या जुन्या दयेमुळे. सगळं वाचवून स्वतः हरलेला हा नायक. टोल्कीन १९१६ मध्ये सॉमच्या रणभूमीवर होता, त्याच्या अगदी जवळच्या मित्रांपैकी एक सोडून बाकी सगळे त्या महायुद्धात गेले. आपल्या गोष्टीत युद्धाचं रूपक शोधू नका, असं तो बजावत असे आणि ते मानायला हवं. तरी परत आलेल्या सैनिकाला गाव कसं दिसतं, हे त्याला पुस्तकांतून शिकावं लागलं नव्हतं, एवढं खरं.

परतीच्या दृश्याचं हे शस्त्र जोनाथन स्विफ्टने दोनशे वर्षं आधीच परजून ठेवलं होतं. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) लहान मुलांसाठी कापून-छाटून छापतात तेव्हा नेमका हा भाग जातो, ही माझी जुनी तक्रार आहे. राक्षसांच्या देशातून गलिव्हर इंग्लंडला परततो. नोकर दार उघडतो, तर हा डोकं आपटेल म्हणून वाकून आत शिरतो. बायको मिठी मारायला येते, हा तिच्या गुडघ्यांपर्यंत वाकतो, नाही तर तिचे ओठ आपल्यापर्यंत पोचणार नाहीत म्हणून. मुलगी आशीर्वाद मागायला गुडघे टेकते, ती उठून उभी राहीपर्यंत याला दिसतच नाही. इतके दिवस मान वर करून पाहायची सवय झालेली! हसू येतं, पण इथे स्विफ्टने एक अतिशय बारीक गोष्ट पकडली आहे. प्रवास आधी डोळे बदलतो, मतं नंतर.

शेवटच्या सफरीत गलिव्हर विवेकी घोड्यांच्या देशात राहतो. तिथली माणसासारखी दिसणारी जमात म्हणजे घाणेरडे, हावरे याहू. तिथून हाकलला गेल्यावर त्याला एक पोर्तुगीज कप्तान भेटतो, पेद्रो द मेंदेझ. हा कप्तान सबंध पुस्तकातला सगळ्यात दयाळू माणूस. तो गलिव्हरला कपडे देतो, लिस्बनच्या घरी ठेवून घेतो, समजूत घालून घरी धाडतो. गलिव्हर मात्र नाकात औषधी पाल्याचे बोळे कोंबून हिंडतो, माणसाचा वास सहन होत नाही म्हणून. घरी बायको मिठी मारते तेव्हा तो तासभर बेशुद्ध पडतो. मग दोन घोडे विकत घेतो आणि रोज चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो. तो बदलला खरा, पण समोरच्या कप्तानाचा चांगुलपणाही दिसू नये, इतका. साहस माणसाला मोठंच करतं, या समजुतीला मेंदेझचं ते प्रकरण पुरून उरतं.

मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनची गोष्ट याच्या बरोबर उलट. अमेरिकेत हे पुस्तक १८८५ मध्ये आलं. दारुड्या बापापासून पळालेला हक आणि गुलामीतून पळालेला जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीने चाललेत. एका रात्री दाट धुक्यात दोघांची चुकामूक होते. हक परत येतो तेव्हा जिम थकून झोपलेला. त्याला उठवून हक थट्टेने पटवतो, की तू स्वप्नच पाहिलंस. खरं कळल्यावर जिम फार साध्या शब्दांत त्याला सुनावतो: तू हरवलास म्हणून माझं काळीज फाटलं होतं, आणि तुझ्या डोक्यात मला कसं फसवू हेच. एका काळ्या गुलामाची माफी मागायला हकला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं ट्वेनने मोजून लिहिली आहेत. मग तो मागतो. पुढे कधी त्याला अशी थट्टा करावीशी वाटत नाही.

नंतर जिम पकडला जातो. हकला शिकवलेल्या धर्मात गुलामाला पळायला मदत करणं म्हणजे चोरी, आणि तिची शिक्षा नरक. तो हे मनापासून मानतो. म्हणून जिमच्या मालकिणीला त्याचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो आणि त्याला हलकं, निर्मळ वाटतं. मग नदीवरचे दिवस आठवतात, आपल्याला झोपू देऊन जिमने केलेले पहारे आठवतात. तो पत्र फाडतो आणि नरकात जायचं ठरवतो. वाचकाला दिसतं, की हा मुलगा आता त्याच्या अख्ख्या गावापेक्षा वर गेला आहे. हकला स्वतःला वाटतं, आपण पार वाया गेलो. बदललेल्या माणसाला आपण बदललो हे कळलेलंच नाही, कारण ते सांगायला त्याच्या समाजाने त्याला शब्दच दिलेले नाहीत. इथे सोडण्याची किंमत सगळ्यात जास्त आहे, बिल्बोने रत्न सोडलं, हकने तर स्वर्ग.

हा बदल टिकवणं ट्वेनलाही जड गेलं. १८७६ मध्ये सुरू केलेलं बाड त्याने बाजूला टाकलं, अधूनमधून हाती घेतलं आणि १८८३ मध्ये पुरं केलं. शेवटच्या प्रकरणांत हकचा जुना मित्र टॉम सॉयर परत येतो आणि कोंडलेल्या जिमला सोडवण्याचा खेळ मांडतो: दोरीची शिडी, उंदीर, कोळी, कैद्याची रोजनिशी. जिमची मालकीण त्याला मृत्युपत्रात मोकळं करून गेली आहे, हे टॉमला आधीपासून ठाऊक असतं. हक कुरकुरतो, पण त्याच्या मागे जातो. जिम पकडला जातो तिथेच वाचकाने थांबावं, असं हेमिंग्वेने १९३५ मध्ये लिहून ठेवलं. मला ते सर्वस्वी पटत नाही, कारण पत्र फाडण्याचं प्रकरण त्याच्याही पुढे येतं. पण त्याचं दुखणं खरं आहे. हक शेवटी घरी परततच नाही, पश्चिमेच्या मोकळ्या मुलखात निघून जायचं ठरवतो. तेवढ्यापुरता तरी ट्वेन त्याच्याशी प्रामाणिक राहिला.

त्या पश्चिमेच्या प्रवासाची कादंबरी ट्वेनने १८८४ मध्ये लिहायला घेतली होती, ती नऊ प्रकरणांनंतर अर्ध्यावर सोडली. हक पुन्हा छापून आला तो १८९४ च्या 'टॉम सॉयर अब्रॉड'मध्ये, बलूनमधून सहारा ओलांडताना, आणि १८९६ च्या 'टॉम सॉयर, डिटेक्टिव्ह'मध्ये. दोन्हींत गोष्ट हकच सांगतो. दोन्हींत बेत टॉमचे असतात आणि हक त्याच्या मागे.